सर्फ कायाक

किनाऱ्यालगत फुटणाऱ्या लाटांच्या उतारावरून घसरत जाण्यासाठी मुद्दाम घडविलेली, वरून बंद असलेली, एकासनी छोटी नौका. नाविक पाय पुढे पसरून नौकेच्या पोटात बसतो व दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती चालवितो. त्याच्या कमरेभोवती घट्ट बसणारा जलाभेद्य घेर बैठकीच्या तोंडाच्या काठावर ताणून लावलेला असतो. त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि नौका उलटली, तरी नाविक बाहेर न पडता वल्ह्याच्या आधाराने व कमरेच्या हिसक्याने ती पुन्हा सुलटी करू शकतो. लांब समुद्रप्रवासाची कायाक, नद्यांच्या द्रुतवाहातील कायाक आणि उघड्या फळीवर बसून चालवावयाची वेव्हस्की या तिन्हींशी तिचे नाते आहे. पण यांपैकी कोणत्याही एकीत तिचा समावेश होत नाही.

सुमारे साठ वर्षांच्या अवधीत या नौकेच्या आकारात जेवढा बदल झाला, तेवढा इतर वल्हवी नौकांत क्वचितच झाला असेल. प्रवासाला उपयोगी पडणारे नौकेचे बहुतेक गुण, म्हणजे सरळ मार्ग राखणे, सामान वाहणे, सपाट पाण्यावर कमी श्रमात वेग देणे इ., तिने एकामागून एक टाकून दिले व त्यांच्या जागी सर्फफळीचे गुण उचलले. जे तिला टाकता आले नाही, ते म्हणजे आत बसलेला माणूस. फळीवर उभा असलेला खेळाडू दोन पावले पुढेमागे सरकून फळीचा तोल बदलतो. कायाकमधील नाविक एकाच जागी खिळलेला असतो आणि त्याचे पाय नौकेच्या पुढच्या भागात अडकलेले असतात. सर्फ कायाकच्या आकारातील जवळजवळ प्रत्येक तडजोडीचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

पूर्वपीठिका : कायाक ही मुळात आर्क्टिक प्रदेशातील इन्यूइट, अल्यूट इ. लोकांची शिकारीची नौका होय. समुद्रात वाहून आलेले लाकूड व हाडे यांचा सांगाडा वादीने बांधून त्यावर सीलचे किंवा तत्सम प्राण्याचे कातडे ताणून ती तयार करीत. सांधे खिळ्यांनी पक्के न करता बांधलेले असल्यामुळे नौकेला अंगचीच लवचिकता असे आणि फुटत्या लाटांतून किनारा गाठताना ती उपयोगी पडे. भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील मसुला नावाची होडी याच तत्त्वावर, काथ्याने फळ्या शिवून केलेली असे. मद्रासला बंदर होण्यापूर्वी जहाजावरील उतारूंना व मालाला लाटांच्या पट्ट्यातून किनाऱ्यावर आणण्याचे काम तीच करी. तमिळ कोळ्यांचे कट्टुमरम (ओंडके एकत्र बांधलेला तराफा) किंवा पेरूच्या किनाऱ्यावरील वांचाको येथील लव्हाळ्याची नौका याही फुटत्या लाटांतून ये-जा करण्यासाठीच घडल्या. पेरूमधील नौकेची चित्रणे मोचे संस्कृतीच्या मृत्पात्रांवर आढळतात. त्या नौकेवरून परतताना कोळी लाटेवर स्वार होऊन येतात. म्हणजे बसून वल्हवीत लाट पकडण्याची कल्पना नवीन नाही. नवीन आहे तो केवळ लाटेसाठीच नौका घडविण्याचा विचार.

यूरोपात कायाकसदृश नौकांची आवड जॉन मॅक्ग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ मध्ये आपल्या ‘रॉब रॉय’ नावाच्या नौकेतून केलेल्या प्रवासामुळे पसरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत कापडी आवरणाच्या, घडी घालता येणाऱ्या कायाक निघाल्या. उलटलेली कायाक आत बसूनच सुलटी करण्याची इन्यूइट लोकांची युक्ती एडी हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन नाविकाने १९२७ मध्ये साध्य केली. हे कौशल्य हाती आले नसते, तर फुटत्या लाटांत बंद कायाक नेणे हा खेळ न होता निव्वळ धाडस राहिले असते.

स्लालम नौकांचा काळ : दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व रेझीन यांपासून नौका घडविणे सुलभ झाले. एकदा साचा केला, की हौशी मंडळाच्या गोदामातही त्यातून नौका काढता येऊ लागल्या. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉल व डेव्हन या परगण्यांच्या किनाऱ्यांवर १९६० नंतरच्या दशकात जे कायाकपटू लाटांवर जाऊ लागले, त्यांच्याजवळ याच नौका होत्या व त्या नदीतील स्लालम शर्यतींसाठी बनविलेल्या होत्या. शर्यतीच्या नियमाप्रमाणे अशा नौकेची लांबी किमान ४ मी. व रुंदी किमान ६० सेंमी. असावी लागे. (हा नियम पुढे २००५ मध्ये बदलून लांबीची मर्यादा ३·५ मी. करण्यात आली.) म्हणजे सर्फ कायाकचे पहिले मोजमाप समुद्राने नव्हे, तर नदीतल्या शर्यतीच्या नियमपुस्तकाने ठरविले.

या नौका लाट लवकर पकडीत. पुढे मात्र त्यांचे दोन ठरावीक शेवट होत. उतार तीव्र झाला, की लांब व सरळ नाळ (पुढचे टोक) लाटेच्या पायथ्याशी पाण्यात घुसे, मागचे टोक उचलले जाई आणि नौका उभी राहून नाविकासह पालथी पडे. यातही एक गंमत होती व काही काळ स्पर्धांत अशा कोलांट्यांना मान असे. दुसरा शेवट म्हणजे नौका लाटेला आडवी होणे. लाट फुटून तिचा पांढरा फेस झाला, की आडवी झालेली लांब नौका वळविणे जवळजवळ अशक्य होई. नाविक लाटेच्या अंगावर वल्हे टेकून तिच्याकडे झुके आणि किनारा येईपर्यंत बाजूने ढकलला जाई. ज्याला आज सर्फिंग म्हणतात, म्हणजे लाटेच्या न फुटलेल्या हिरव्या उतारावर राहून फुटण्याच्या बिंदूपुढे तिरपे धावणे, ते या नौकांत फार थोड्यांना व फार थोडा वेळ जमे.

लाट व नौका यांचे गतिशास्त्र : असे का होई, हे दोन वेगांची तुलना केल्यावर ध्यानात येते. पाणी बाजूला सारीत जाणारी नौका स्वतःच निर्माण केलेल्या लाटेत अडकते. तिचा व्यवहार्य कमाल वेग जलरेषेच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. लांबी मीटरमध्ये घेतल्यास हा वेग दर सेकंदास सुमारे १·२५ गुणिले लांबीचे वर्गमूळ एवढे मीटर येतो. त्यानुसार ४ मी. लांबीच्या नौकेचा वेग सेकंदास २·५ मी., म्हणजे ताशी ९ किमी. होतो. उलट लाट उथळ पाण्यात आली, की तिचा वेग खोलीच्या वर्गमुळावर अवलंबून राहतो. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे ०·७८ पट झाली, की ती फुटू लागते. म्हणून १·२ मी. उंचीची लाट साधारण दीड मीटर खोलीवर फुटते आणि त्या वेळी तिचा वेग सेकंदास ३·९ मी. किंवा ताशी सुमारे १४ किमी. असतो. लाटेबरोबर केवळ सरळ किनाऱ्याकडे यावयाचे असले, तरी नौकेला आपल्या नैसर्गिक मर्यादेच्या दीडपट वेगाने जावे लागते.

लाटेच्या उतारावर तिरपे धावावयाचे असल्यास गरज आणखी वाढते. लाट एकाच वेळी संपूर्ण लांबीभर कोसळत नाही. चांगली लाट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सोलल्यासारखी फुटत जाते. फुटण्याचा बिंदू ज्या मार्गाने सरकतो, त्या मार्गाचा लाटेच्या शिखररेषेशी होणारा कोन जितका लहान, तितका धावण्याचा वेग अधिक लागतो. वरील लाटेच्या बाबतीत हा कोन ४५° असेल, तर नौकेला ताशी सुमारे २० किमी. आणि ३०° असेल, तर ताशी सुमारे २८ किमी. वेग राखावा लागेल. इतका वेग पाणी बाजूला सारून मिळत नाही. त्यासाठी नौकेने पाण्याच्या वर उचलले जाऊन, पाण्यावर फेकलेल्या चपट्या दगडासारखे घसरले पाहिजे. या घसरण अवस्थेत नौकेचे वजन मुख्यतः उत्प्लावक बलाने नव्हे, तर तळावर आदळणाऱ्या पाण्याच्या दाबाने तोलले जाते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व सपाट, रुंद तळावर अधिक परिणामकारक ठरतो. स्लालम नौकेचा गोल तळ पाण्याला काठावरून वर चढू देतो; पाणी अंगाला चिकटून राहते व नौकेला खाली ओढते. गोल तळाच्या नौकेस घसरण अवस्था अजिबात येत नाही असे नाही, परंतु ती उशिरा येते व टिकत नाही.

येथे एक विरोधाभास दिसतो. २·५ मी. लांबीच्या नौकेचा सपाट पाण्यावरील वेग ४ मी. नौकेपेक्षा कमी, ताशी ७ किमी.च्या आसपास असतो. तरीही लाटेवर एकदा घसरू लागली, की ती लांब नौकेला सहज मागे टाकते, कारण तेथे बळ वल्ह्याचे नसून उताराचे असते. आखूडपणाची किंमत चुकवावी लागते ती लाट पकडताना. लांब नौका लाट अजून सौम्य असतानाच, किनाऱ्यापासून दूर, तिच्याबरोबर धावू लागते. आखूड नौकेला उतार तीव्र होईपर्यंत, म्हणजे लाट कोसळण्याच्या बेतात येईपर्यंत थांबावे लागते आणि मग निर्णयाला क्षणभराचाच अवधी मिळतो.

सर्फफळीकडून आलेले विचार : घसरत्या तळाचे ज्ञान सर्फफळीकडे नौकाशास्त्रातूनच आले होते, हे विशेष. लिंडसे लॉर्ड या अमेरिकन नौकारचनाकाराने वेगवान यांत्रिक नौकांच्या घसरत्या तळांविषयी १९४६ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील बॉब सिमन्स (१९१९–५४) याने त्यातील निष्कर्ष लाकडी फळ्यांना लावून पाहिले. फळी रुंद करणे, पुढचे टोक चमच्यासारखे वर वळविणे, तळाला अंतर्गोल भाग देणे, काचतंतूचे आवरण चढविणे इ. प्रयोग त्याने केले. त्याआधी १९३५ मध्ये टॉम ब्लेक याने फळीच्या तळाला मागच्या बाजूस पर बसविला होता आणि शेपूट बाजूला घसरण्याचा दोष दूर केला होता. ऑस्ट्रेलियन सायमन अँडरसन याने १९८०–८१ मध्ये रूढ केलेली तीन परांची मांडणी तर पुढे जवळजवळ सर्वत्र प्रमाण मानली गेली.

हे विचार कायाकपर्यंत थेट आले नाहीत. मध्ये बसून चालवावयाच्या उघड्या फळ्यांची एक पायरी होती. ऑस्ट्रेलियात १९३० नंतरच्या दशकात सर्फस्की हे लांब, उघडे साधन प्रचारात आले. सिडनीजवळच्या मॅनली येथील डॉ. क्रेकनथॉर्प यांचे नाव त्याच्या एकस्वाशी जोडले जाते. पण न्यू साउथ वेल्समधील पोर्ट मक्वॉरी येथील मॅक्लारेन बंधूंनी १९१२ च्या सुमारासच तसे साधन वापरले होते, असाही दावा आहे. पुढे सर्फस्की दोन दिशांनी वाढली. एक शाखा लांब, अरुंद होत सागरी शर्यतींकडे गेली. दुसरी आखूड होऊन वेव्हस्की बनली. कॅलिफोर्नियातील मर्व्ह लार्सन याने १९७० च्या आसपास अशा आखूड फळीवर कमरपट्ट्याने स्वतःला बांधून घेण्याची पद्धत रूढ करण्यात पुढाकार घेतला. पट्ट्यामुळे नाविक व फळी एकजीव झाली. कमरेच्या हालचालीने फळी तिरपी करता येऊ लागली व उलटल्यावर सुलटीही करता येऊ लागली. वेव्हस्कीने एवढे सिद्ध केले, की बसलेला माणूसही उभ्या सर्फपटूप्रमाणे तीव्र वळणे घेऊ शकतो. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास सपातेसारख्या दिसणाऱ्या, पुढून रुंद व वर वळलेल्या बंद नौका निघाल्या. त्या सर्फ शू या नावाने ओळखल्या जात. दिसण्यात त्या बेढब होत्या खऱ्या. परंतु नाळ बुडण्याचा जुना दोष त्यांनी पुष्कळ अंशी घालविला व स्लालम नौकेचा आदर्श झुगारून देण्याचे धैर्य दाखविले.

आकाराची अंगे : आजच्या वेगवान सर्फ कायाकची लांबी सामान्यतः २ ते २·७ मी. असते. ती याहून कमी करता येत नाही याचे कारण नाविकाचे पाय होत. बैठकीच्या पुढे पाय पसरण्यासाठी मीटरभराहून अधिक जागा लागते व पावलांच्या उंचीइतकी जाडीही लागते. नौकेच्या मागच्या भागाला असे बंधन नाही. म्हणून तो छाटत नेऊन बहुतेक रचनांत बैठकीमागे थोडाच भाग ठेवतात. परिणामी नाविक नौकेच्या मध्याच्या मागे बसतो, वजन शेपटीवर येते व पर त्याच्या बैठकीमागे लगेच बसविता येतात. उभा सर्फपटू मागचा पाय परांच्या वर ठेवतो, त्याचीच ही बसलेली आवृत्ती म्हणता येईल. पावलांमुळे पुढचा भाग जाड राहतो, हा मात्र न टाळता येणारा दोष होय. जाड नाळ वाऱ्यात फडफडते, फेसात शिरताना अडते आणि वळणात जड वाटते. रचनाकाराची बरीचशी बुद्धी ही जाडी कोठे लपवावी, यातच खर्च होते. काही जण पावलांपाशी दोन उंचवटे देऊन मधला भाग चपटा ठेवतात.

तळाच्या लांबीच्या दिशेतील वक्रतेला नाविकांच्या भाषेत रॉकर म्हणतात. रॉकर कमी असेल, तर नौका वेगवान होते परंतु वळत नाही व तिची नाळ बुडते. तो अधिक असेल, तर ती जागच्या जागी वळते पण पाणी पुढे ढकलीत मंद होते. पुढचा तिसरा हिस्सा वर वळलेला, बैठकीखालचा भाग जवळजवळ सपाट व शेपटीकडे किंचित उचललेला अशी वाटणी अनुभवाने रूढ झाली आहे. येथेही बसलेल्या माणसाचा प्रश्न येतो. उभा सर्फपटू पुढे सरकून सपाट भाग व मागे सरकून वक्र भाग वापरतो. कायाकपटूला हा बदल धड पुढेमागे झुकवून जेवढा साधेल तेवढाच साधतो. म्हणून एकाच नौकेत दोन्ही गुण पाहिजे तेवढे मिळत नाहीत आणि सौम्य लाटांची नौका व पोकळ, उभ्या लाटांची नौका अशा निराळ्या रचना कराव्या लागतात.

कडांविषयी मतभेद सर्वांत जास्त आहेत. धारदार कड पाण्याला तळावरून स्वच्छ सुटू देते, त्यामुळे वेग वाढतो. शिवाय नौका तिरपी केल्यावर हीच कड लाटेच्या भिंतीत रुतून नौकेला धरून ठेवते. परंतु लाट आडवी अंगावर आली आणि किनाऱ्याकडची कड जराशी खाली राहिली, तर तीच कड पाण्यात अडकून नौका क्षणार्धात उलटते. सपाट तळाची नौका शांत पाण्यात फार स्थिर भासते, पण ती पाण्याच्या पृष्ठाशी समांतर राहू पाहते. पृष्ठच तिरपे झाले, की तीही तिरपी होते. हे नवशिक्यास पहिल्या बुडीतच कळते. यावर उपाय म्हणून शेपटीकडे व परांजवळ कड धारदार, मध्ये थोडी बोथट आणि पुढे तासून वर घेतलेली ठेवतात. तळाचा मधला भाग अंतर्गोल केल्यास पाणी मागे वाहत जाऊन उत्थापन वाढते व शेवटी तळाला उथळ पाखीसारखा आकार दिल्यास एका कडेवरून दुसरीवर जाणे सुलभ होते. या बारकाव्यांचा परिणाम मोजून दाखविणे कठीण असते. नाविकाचे वजन १० किग्रॅ.ने बदलले, तरी नौकेचे वर्तन बदलते; म्हणून रचनाकारांचे दावे जपूनच घ्यावे लागतात.

पर दोन कामे करतात. शेपूट बाजूला घसरू न देणे हे त्यांचे उघड काम आहे. दुसरे काम म्हणजे वळणातून बाहेर पडताना पंखाप्रमाणे बाजूचा दाब निर्माण करून नौकेला पुढे रेटणे. तीन परांची मांडणी सर्वसाधारण होती व आहे. चार परांची मांडणीही वापरतात. तीत मधला पर नसल्याने ओढ कमी होते. पर काढता-घालता येतील अशा खाचा ठेवतात, त्यामुळे लाट पाहून मांडणी बदलता येते. वल्हेही आखूड झाले आहे. समुद्रप्रवासाच्या कायाकचे वल्हे साधारण २१० ते २३० सेंमी. असते, तर सर्फ कायाकचे २०० सेंमी.च्या आत-बाहेर असते.

दोन गट व त्यांचा वाद : स्पर्धांत नौकांचे मुख्यतः दोन गट पाडतात. एक ‘हाय परफॉर्मन्स’ म्हणजे उच्चक्षम गट. त्यातील नौका आखूड असून त्यांना पर चालतात. दुसरा ‘इंटरनॅशनल’ गट. त्यातील नौकेची लांबी किमान ३ मी. असावी लागते व तिला पर लावता येत नाहीत. दुसऱ्या गटातील नौका दिसण्यात जुन्या स्लालम कायाकच्या वंशातील वाटते. हा भेद केवळ सोयीचा नाही. त्यामागे एक तत्त्वाचा वाद आहे. आखूड नौका लाटेवर काहीही करो, ती लाटेपर्यंत व लाटेवरून एवढाच प्रवास करू शकते; तीत बसून पलीकडच्या खाडीपर्यंत जाण्याचीही सोय नाही. अशा साधनाला कायाक का म्हणावे, ती बंद केलेली वेव्हस्कीच नव्हे काय, असा जुन्या मंडळींचा आक्षेप असतो. उलट लांब नौकेचा गट म्हणजे नियमांनी जिवंत ठेवलेला भूतकाळ होय, असे दुसरा पक्ष म्हणतो. हे दुसरे मत एकांगी आहे. परांचा आधार काढून घेतल्यामुळेच लांब नौकेच्या रचनाकारांना कडेच्या लांबीचा व तळाच्या वक्रतेचा अधिक बारकाईने विचार करावा लागला. तिची दीर्घ, संथ वळणे आणि दुरूनच लाट पकडण्याची शक्ती सौम्य किनाऱ्यांवर आखूड नौकेला साधत नाही. कॅलिफोर्नियातील सँता क्रूझ, आयर्लंड व स्कॉटलंडचे उत्तर किनारे, पोर्तुगाल इ. ठिकाणी हा खेळ विशेष रुजला. बास्क प्रदेशातील मुंडाका येथील प्रसिद्ध लाटेवर २००७ मध्ये जागतिक स्पर्धा झाल्या.

नदीतील नौकांनीही या रचनेवर परतफेडीसारखा परिणाम केला. १९९० नंतरच्या दशकात नदीतील क्रीडानौकांना सपाट तळ व धारदार कडा देण्यात आल्या. या बदलात ज्यांचा वाटा मोठा मानला जातो त्यांपैकी कॉरन ॲडिसन हा १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेतर्फे स्लालम शर्यतीत उतरलेला नाविक होता. सागरी लाटांवरचे ज्ञान अशा रीतीने नदीत शिरले. थोड्याच वर्षांत दोन मीटरच्या आसपास लांबीच्या नदीनौका समुद्रावर येऊ लागल्या. फेसात गिरक्या व कोलांट्या घेण्यास त्या उत्तम असल्या, तरी नदीतील स्थिर लाट धावत नाही, समुद्राची धावते. त्यामुळे त्या लाटेच्या भिंतीवर मागे पडतात. नदीनौकेला सर्फ कायाकचा पर्याय समजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय.

द्रव्ये व घडण : पॉलिएथिलिनाची पूड तापत्या, फिरत्या साच्यात वितळवून एकसंध नौका काढण्याची पद्धत अमेरिकेत १९७३ च्या सुमारास कायाकला लावण्यात आली. अशी नौका खडकावर आपटली, तरी सहसा फुटत नाही व स्वस्त पडते. सर्फ कायाकच्या दृष्टीने मात्र तिच्यात तीन उणिवा आहेत. वितळलेले द्रव्य साच्याच्या तीक्ष्ण कोपऱ्यात नीट बसत नाही, म्हणून कड बोथट निघते. सपाट तळ दाबाखाली आत-बाहेर लवतो, त्यामुळे रचनाकाराने दिलेला आकार वेगात तसाच राहत नाही. शिवाय अशा नौकेचे वजन १५ ते २० किग्रॅ.पर्यंत जाते. काचतंतू, केव्हलार किंवा कार्बनतंतू व रेझीन यांची हाताने घडविलेली नौका याच्या निम्म्याच्या आसपास भरते, ताठ असते व तिची कड हवी तितकी धारदार करता येते. पण ती महाग असते व वाळूत आपटली, तर तडकते.

या भेदाचा परिणाम रचनेच्या इतिहासावरही झाला. फिरत्या साच्याला मोठा खर्च येतो, म्हणून कारखानदार एक आकार वर्षानुवर्षे खपवितो. हातघडणीचा साचा स्वस्त असल्याने छोटा कारागीर आज केलेली नौका उद्या लाटेवर नेऊन परवा तिची शेपूट बदलू शकतो. सर्फ कायाकमधील नवे विचार प्रामुख्याने अशा छोट्या कार्यशाळांतून, बहुधा स्वतःच खेळणाऱ्या कारागिरांकडून आले आहेत. अलीकडे आकार संगणकावर काढून फेसाच्या ठोकळ्यातून यंत्राने कोरतात. त्यामुळे शेपटीचा अर्धा सेंटिमीटर कमी करून तोच आकार पुन्हा काढणे शक्य झाले. पूर्वी कारागिराने रंधा व घासकागद घेऊन केलेली चांगली नौका त्यालाही पुन्हा तशीच जमेल याची खात्री नसे.

सुरक्षितता : सर्फफळी सुटली, तर हलकी असते व दोरीने पायाला बांधलेली असते. कायाकचे वजन अधिक असते व नाविक बाहेर पडला, की तीत पाणी भरते. पाणी भरलेली नौका शंभर किग्रॅ.हून जड होऊन लाटेबरोबर किनाऱ्याकडे येते. तेथे कमरभर पाण्यात मुले खेळत असतात. सर्फपटूंचा कायाकपटूंवरील राग नेहमी रास्त असतोच असे नाही. वल्ह्यामुळे कायाकपटू लाट आधी पकडतो, ही असूया त्यात असते. परंतु धोक्याची तक्रार खरी आहे. म्हणून नाळ गोलसर ठेवणे, आतील रिकाम्या जागेत हवेच्या पिशव्या भरणे, पुढेमागे पकडण्यासाठी मजबूत फास ठेवणे या गोष्टी रचनेचाच भाग समजल्या जातात. धारदार पर व टोकदार नाळ यांनी वेग वाढत असला, तरी पोहणाऱ्यांच्या पट्ट्यात त्या नौकेला जागा नाही. नाविकाला शिरस्त्राण लागते. वल्हे डोक्याच्या वर नेऊन लाटेवर टेकल्यास खांदा निखळण्याची भीती असते. म्हणून कोपर शरीराजवळ ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावतात. मांड्या नौकेत घट्ट बसविणारे आधार जितके चांगले, तितके नियंत्रण चांगले आणि बाहेर पडणे तितकेच अवघड, हा पेच रचनाकारांना पूर्णपणे सोडविता आलेला नाही.

भारत : भारतात सर्फिंगची मंडळे कर्नाटकातील मुल्की, तमिळनाडूतील कोवलम इ. ठिकाणी २००० नंतर स्थापन झाली. सर्फ कायाकचा प्रसार मात्र फारसा झालेला नाही. कोकणात मालवणजवळच्या तारकर्लीसारख्या ठिकाणी पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या कायाक वर उघड्या, रुंद व स्थिर असतात आणि खाडीच्या शांत पाण्यासाठी असतात. त्या फुटत्या लाटांत नेणे धोक्याचे असते, कारण त्यांत कमर वा मांड्या पकडणारे काही नसते व लाट आडवी आली, की नौका व माणूस निरनिराळ्या दिशांना जातात. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा प्रामुख्याने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात येतात. पण त्या काळात वारा किनाऱ्याकडे वाहत असल्याने लाटा विस्कळीत होतात, पाणी गढूळ असते आणि १ जून ते ३१ जुलै यांदरम्यान यांत्रिक मासेमारीही बंद असल्याने मदतीला येणारी होडी समुद्रात नसते.